लोणार, किल्लारी आणि डोक्यावरची माती

लोणारचं सरोवर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असं आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आजही कुणीतरी ठामपणे सांगतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. मोठमोठे भूशास्त्रज्ञही बराच काळ असंच मानत होते. त्याआधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद घेतली, ती काच आणि साबणाला लागणाऱ्या क्षारांसाठी. महसुलाचा हिशेब मांडणारा तो माणूस, खड्डा कशाने पडला याच्याशी त्याला काय देणंघेणं! 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराकडे लक्ष वेधलं. सभोवार काळा बेसाल्ट दिसत असल्याने ज्वालामुखीची कल्पना सहज पटण्यासारखी होती. पुढे इथल्या दगडांत प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली आणि 1973 च्या सुमारास उल्कापाताचा निर्वाळा मिळाला.

मात्र तो काळा दगड ज्वालामुखीचाच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला आणि दख्खनचं पठार घडलं. त्या उष्णतेचा उगम आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे चूल मागेच राहिली, तवा पुढे सरकला. त्यामुळे बुलढाण्याला ज्वालामुखीची भीती नाही. भारतातला जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, कारण तिथे भारतीय भूपट्टा दुसऱ्या पट्ट्याखाली घुसतो. 2004 च्या त्सुनामीचा भूकंपही त्याच सीमेवरचा. हिमालयातले भूकंपही आशियाशी होणाऱ्या अशाच टकरीचे.

पण भूकंपाचं गणित ज्वालामुखीइतकं सरळ नाही. सीमेवरच्या ढकलाढकलीचा ताण हजार-दीड हजार किलोमीटर आत पोहोचतो आणि जुन्या भ्रंशांवर साचत राहतो. आपल्या उत्तरेला सातपुड्याच्या कडेने गाविलगडचा असाच एक जुना भ्रंश आहे. खाली पूर्णेचं खोरं, गाळाची जमीन. मऊ गाळात हादरे वाढतात. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

किल्लारीही सीमेपासून लांबच होतं. तिथे ऑक्टोबर 1992 मध्ये धक्के बसले, लोक घाबरले, मग सवय झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3:56 ला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गाव झोपेत असताना मोठा धक्का आला. लातूर-उस्मानाबादमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

जलजला आला की कुणीतरी हमखास म्हणतं, ही गुनाहांची सजा. मला हे बोलणं मेलेल्यांवर अन्याय करणारं वाटतं. पैगंबर (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला, तेव्हा ग्रहण कुणाच्या मरणामुळे लागत नाही, असं स्वतः पैगंबरांनी सांगितलं. दुःखाच्या दिवशीही त्यांनी ती समजूत चालू दिली नाही.

किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, गोल दगड, मधे नुसती माती. वर लाकडी माळवद, त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून तो पावसाळ्याआधी आणखी जाड करायचा. उन्हाळ्यात घर गार राहायचं, हे खरंच. पण भिंतीचे दोन पदर सुटे झाले की ते सगळं ओझं खाली. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांची बांधणी याहून फार वेगळी नाही.

अशी घरं पाडायलाच हवीत असं नाही. छतावरची जादा माती उतरवता येते. भिंतीत आरपार जाणारे दगड बसवले तर दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. नवीन बांधताना जोत्याला, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली लोखंडी सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा घरभर अखंड फिरवायचा. गवंड्याला तो कोपऱ्यावर तोडू देऊ नका. भिंती उकलायला सुरुवात होते ती तिथूनच.