नौरोज आणि आमचे फसली महिने

माझ्या आजोबांची लांकडी पेटी उघडली कीं शेतसाऱ्याच्या पावत्यांवर आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशीं महिन्यांचीं नांवें दिसतात. नांदेड-लातूरकडील जुन्या घरांतून असे कागद अजून आढळतात. निजामी राज्यांत, म्हणजे १९४८ पर्यंत, सरकारी व्यवहाराची कालगणना हीच होती. चैत्रांत गुढी उभारणारा आमचा कुणबी सारा भरी तो फारशी महिन्यांत. आणि त्या नांवांमागें एका प्राचीन राष्ट्राचा वर्षारंभ आहे, हें त्याच्या गांवींही नसे.

इराणांत वर्ष सुरू होतें तें फरवर्दीनच्या पहिल्या दिवशीं, वसंतसंपाताच्या सुमुहूर्तावर, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास. हाच नौरोज. त्या क्षणाची वाट पाहत सारें कुटुंब एका वस्त्राभोंवतीं बसतें. वस्त्रावर फारशीच्या 'सीन' अक्षरानें आरंभ होणाऱ्या सात वस्तु, शेजारीं आरसा आणि बहुधा हाफिजचा दिवाण. वडील माणसानें तो उघडावा, निघेल ती गझल वाचावी आणि तिजवरून वर्षाचा कौल घ्यावा. त्या सातांतील गव्हाचे हिरवे अंकुर पाहून मला आमच्या नवरात्रांतील घट आठवतो. आम्ही ते अंकुर दसऱ्यास टोपींत खोंवतों. ते तेराव्या दिवशीं वाहत्या पाण्यांत सोडतात. इराणी गायनांतील कांहीं स्वरावलींचीं नांवेंच नौरोजाचीं आहेत: नौरोज-ए-अरब, नौरोज-ए-सबा, नौरोज-ए-खारा.

दख्खनेंत हा सण दरबारांतून वावरला. १५८० ते १६१२ पर्यंत गोवळकोंड्यास राज्य करणारा महंमद कुली कुतुबशहा स्वतः कवि. त्याचीं दखनी काव्यें नौरोजावर आहेत, तशींच वसंतावर आणि मृगावरही. इराणच्या कवीस मृगाचें काय? पेरणीची वाट पाहणारी काळी जमीन ज्यानें पाहिली, त्यालाच तो विषय सुचावयाचा! उत्तरेंत अकबरानें नौरोजास राजोत्सवाचें रूप दिलें होतें. औरंगजेबानें गादीवर आल्यावर तो लौकरच बंद केला.

मात्र निजामी फसलीचा वर्षारंभ नौरोजास होत नसे. तो ऑक्टोबरच्या आरंभीं, आजुरानें होई. त्यामुळें फरवर्दी मार्चाऐवजीं फेब्रुवारींतच उजाडे. नांवें इराणचीं, पण हिशेब आमच्या पिकांचा आणि वसुलाचा. मुंबईचे पारशी बांधव याच महिन्यांवर आपलीं धर्मकृत्यें करतात; त्यांतही शहेनशाही पंथाचें नववर्ष ऑगस्टांत येतें आणि जमशेदी नौरोज निराळा, २१ मार्चास.

फसली सनांत ५९० मिळवावे, जानेवारीपासून पुढें ५९१. 'इस्फंदार १३४८' म्हणजे १९३९ चा जानेवारी. माझ्या एका नातलगानें तो सन हिजरी समजून खरेदीखत नऊ-दहा वर्षें मागें नेलें, आणि त्यावरून भावाभावांत दोन वर्षें बोलणें नव्हतें.

गेल्या दिवाळींत शेजारच्या घरची अशीच एक पेटी रद्दींत गेली. आंत काय होतें, कोणीं वाचलें नाहीं. आमचे कागद मी आतां एका वहींत उतरून घेत आहें. १३४८ च्या इस्फंदारापर्यंत आलों आहें.