कलागुरू कै. नारायण श्रीधर बेंद्रे

महालात राहणाऱ्या आपणां सर्वांस चितार ओळ परिचयाची आहे. गणेशोत्सव जवळ आला की तेथे मूर्तींवर रंग चढू लागतो, आणि वडिलांचा हात पाहून मुलाचा हात वळतो. कला घरातच शिकावी, ही आपली जुनी रीत. ती विद्यापीठातही शिकविता येते, हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांत कै. बेंद्रे अग्रणी होत. ते कोणत्या ज्ञातीचे, हा विचार आम्ही येथे करीत नाही. त्यांच्या चरित्रातून आपल्या घरांनी काय घ्यावे, एवढेच पाहणे आहे.

२१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. तेथील कलाशाळेत त्यांस देवळालीकरांसारखे गुरू लाभले. १९३३ साली त्यांनी मुंबईची चित्रकला पदविका मिळविली व १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक. इतकी कीर्ती लाभल्यावरही १९४८ साली न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये ते मुद्राचित्रण शिकण्यास विद्यार्थी म्हणून बसले.

ही विद्या कष्टाची आहे. धातूच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, सुईने रेघा ओढावयाच्या, मग पत्रा आम्लात बुडवावयाचा. उघड्या रेघा तेवढ्या आम्ल खाते. त्यांत शाई भरून, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की चित्र उमटते. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. मात्र प्रत्येक वेळी शाई नव्याने भरावी लागते.

१९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला विभागात बेंद्रे चित्रकलेचे प्रमुख झाले. कुलगुरू हंसाबेन मेहतांच्या कारकीर्दीत तेथे कलेस पदवीचा मान मिळाला. १९५९ साली ते अधिष्ठाता झाले, १९६६ साली निवृत्त झाले. भरउमेदीची सोळा वर्षे त्यांनी इतरांचे हात घडविण्यास दिली. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे शिष्य. भट्टांनी पुढे बडोद्यासच मुद्राचित्रण शिकवून पिढी तयार केली. इकडे बेंद्रे यांचीही चित्रसाधना चालूच राहिली. १९६९ साली पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांस लाभले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते निवर्तले.

आपल्या घरात एखादे मूल चित्रात रमले की आपण विचारतो, "पुढे पोट कशावर भरणार?" प्रश्न खोटा नाही, आम्हीही तो आमच्या मुलांस विचारला आहे, आणि एका हातातील कुंचला त्यामुळे सुटलाही. त्याची खंत आज वाटते. शिकविणे हीही कलावंताची मानाची उपजीविका आहे, हे बेंद्र्यांनी दाखविले. ज्ञातिबांधवांनी यापुढे तो प्रश्न विचारताना हे उत्तरही ध्यानी ठेवावे, ही विनंती.