वजाबाकीतून उरलेले १०६

कालयंत्राचा काटा १९९६ वर थांबतो. तुम्ही कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या ‘स्लॅक’ प्रयोगशाळेत आहात. बोगद्यात उतरायचा विचार सोडा. झोत चालू असताना तिथे माणसाला मज्जाव आहे. दोन मैलांचा प्रवेगक ओलांडून इलेक्ट्रॉन येतात, ४६.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे. समोरून, जरा तिरका, हिरवा लेझर. त्याचा एकेक स्पंद दीड पिकोसेकंदाचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा अर्धा मिलिमीटर पुढे सरकत नाही, तेव्हा दोघांची गाठ घालणं ही मोठी डोकेदुखी.

तुम्हाला बघायचंय ते ब्राइट आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये कागदावर मांडलेलं: प्रकाश प्रकाशावर आदळला, की इलेक्ट्रॉन-पोझिट्रॉनची जोडी जन्मते. हिरव्या फोटॉनच्या अंगात एवढा जोर कुठला? म्हणून तर इलेक्ट्रॉन हवेत. त्यांच्यावर आपटून काही फोटॉन उलटे फिरतात आणि २९ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा घेऊन सुटतात. असा एखादा दांडगा फोटॉन त्याच लेझरच्या किमान चार फोटॉनांना एकदम भिडला, तर जोडी.

चुंबक पोझिट्रॉनांना वेगळ्या वाटेला लावतात, पुढे सिलिकॉनचा मापक त्यांना टिपतो. टिपले! पण थांबा, लेझर बंद असतानाही ते येताहेत. भरकटलेले इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या धातूवर आदळले, तरी पोझिट्रॉन निघतातच. सुदैवाने लेझर दोन सेकंदांतून एकदा चमकतो आणि इलेक्ट्रॉनांचे पुंज त्याहून भराभर येतात. तुलनेला लागणारा हिशेब फुकटात जमतो. लेझरसह २१,९६२ धडका, पोझिट्रॉन १७५. लेझरविना १,२१,२१६ पुंज, पोझिट्रॉन ३७९. प्रमाण लावून वजा करा: १०६, चौदा इकडेतिकडे. दोनशे धडकांमागे जेमतेम एक. मला विचाराल तर प्रयोगाचा सगळा थरार या शाळकरी गणितात आहे.

सप्टेंबर १९९७ मध्ये या प्रयोगाचा निबंध छापून आला आणि ‘प्रकाशापासून पदार्थ’ असा गाजावाजा झाला. तो रास्तच. मात्र त्यावरून निर्वात पोकळीच फाटली म्हणणं जरा जास्तच होईल. भौतिकशास्त्रज्ञ श्विंगरने १९५१ मध्ये वर्तवलं होतं ते निराळं: विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे १.३ × १०¹⁸ व्होल्ट झालं, की निव्वळ पोकळीतून जोड्या उसळतील, इलेक्ट्रॉनच्या झोताची मदत नको. इथे वेगवान इलेक्ट्रॉनला समोरच्या लेझरचं क्षेत्र पावणेदोन लाख पटींनी वाढलेलं भासतं, तरी ते त्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेरच राहतं. श्विंगरची पोकळी पाहायची असेल, तर काटा तुमच्या-माझ्या आजच्याही पुढे फिरवावा लागेल.