चुंबकाला न चिकटणारे मँगनीज

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तिथला काळा, जड दगड वर्गात आणून त्याला पट्टीचुंबक लावला तर तो सहसा चिकटत नाही. मुले वहीत 'अचुंबकीय' असे लिहून मोकळी होतात. आम्हीही शाळेत तसेच लिहिले होते. या शब्दात काय चुकते, हे सिद्ध व्हायला १९४९ साल उजाडावे लागले.

('सहसा' हा शब्द आम्ही जाणूनबुजून घातला आहे. मध्य प्रांतातील मँगनीजचा अभ्यास करणारे भूवैज्ञानिक फर्मर यांनी नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील, चुंबकाकडे जोरात ओढल्या जाणाऱ्या एका खनिजाचे वर्णन केले आणि आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून त्याला व्रेडेनबर्गाइट म्हटले. पण त्यात मँगनीजबरोबर लोहही असते.)

खरे नवल १९०३ मधले. जर्मनीतील फ्रिट्झ हॉइस्लर यांनी तांबे, ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांचे मिश्रधातू जाहीर केले. यांतला एकही धातू एकटा असताना चुंबकाला चिकटत नाही. मिश्रधातू मात्र चिकटत होते! आवर्तसारणीत मँगनीज २५ वे, तर लोह २६ वे. शेजाऱ्याचा गुण मँगनीजच्या अंगीही होता, मग तो एरवी दडून कुठे बसतो?

अणूतील जोडी न जुळलेला इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबकच असतो. मँगनीज मोनॉक्साइडमधील मँगनीजच्या प्रत्येक आयनात असे पाच इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे हा आयन लोखंडातील अणूच्या दुपटीहून अधिक प्रबळ चुंबक ठरतो. तरीही पदार्थ ढिम्म! फ्रान्सचे लुई नेएल यांनी १९३० च्या दशकात याला उत्तर सुचवले. काही पदार्थांत शेजारचे अणुचुंबक परस्परांच्या उलट दिशांना तोंड करून बसत असतील, तर बेरीज शून्य होईल. रस्सीखेचीत दोन्ही गट तुल्यबळ असले की दोर हलत नाही; म्हणून कोणी ओढतच नाही असे आपण म्हणतो का?

पण दोर न हलता गट दिसावेत कसे? १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एक खूण मिळाली. मँगनीज मोनॉक्साइड थंड करत गेल्यास त्याचे क्षीण आकर्षण वाढत जाते, आणि सुमारे उणे १५५ अंश सेल्सिअसच्या खाली उलट घटू लागते. हा पुरावा अप्रत्यक्षच होता. अखेर अमेरिकेत शल आणि स्मार्ट यांनी अणुभट्टीतले न्यूट्रॉन या पदार्थावर सोडले. न्यूट्रॉन स्वतः चुंबक असल्याने त्याला अणुचुंबकांच्या दिशा जाणवतात. थंड नमुन्यातून विखुरलेल्या न्यूट्रॉनांच्या आलेखात काही जादा शिखरे उमटली. अणुचुंबक आलटून पालटून उलटे असतील तरच ती उमटू शकतात. ही मांडणी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. नेएल यांना १९७० मध्ये, तर शल यांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले.

शाळेत ऑक्सिजन तयार करण्यासाठी आणलेले मँगनीज डायऑक्साइड असतेच. नेहमीच्या तापमानाला त्यातले अणुचुंबक विस्कळीत असतात, पण असतात. छोट्या परीक्षानळीत ते भरून नळी दोऱ्याने आडवी टांगावी, वारा येऊ देऊ नये, आणि निओडायमियमचा चुंबक हळूच जवळ न्यावा. नळी किंचित चुंबकाकडे सरकते. पट्टीचुंबकाने हे होत नाही. रिकामी नळीही आधी तपासून घ्यावी, कारण ती हलली तर दोष दोऱ्यातला.