कृष्णाकाठची धाप

कराडच्या उत्तरेला, तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथे, उंब्रज वसले आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागून जातो, चाफळकडचा रस्ता इथूनच फुटतो, आणि समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक या गावात आहे. चुना, वाळू आणि ताग यांची ही मूर्ती सतराव्या शतकाच्या मध्याला घडली. वायुपुत्राची, बळाच्या देवतेची उपासना ज्या मुलखाने गावोगाव रुजवली, त्याच मुलखात ज्याचा श्वास पुरत नाही त्या माणसाचे काय होत आले, याची चौकशी इतिहासाने फारशी केलेली नाही. प्लेगचा, पटकीचा, देवीचा इतिहास लिहिला गेला, कारण त्या साथी गावे ओस पाडत होत्या. घागर उचलताना, चढण चढताना, रात्री उताणे पडताच जिला धाप लागते आणि तरीही जी वीस-वीस वर्षे संसार रेटते, ती बाई कुठल्याच साथीत मोडत नव्हती. या भागातली ‘कारण सापडत नाही’ म्हणून सोडून दिलेली धाप बहुतेक वेळा कारण न शोधलेली धाप होती, असे माझे म्हणणे आहे. आराम देण्याची विद्या इथे जुनी होती आणि बरीचशी खरीही होती. पण आराम पडला की विचारपूस थांबे, आणि पुढची विचारपूस कुणाची व्हायची हे त्याच्या श्वासावाचून कुणाचे अडते यावर ठरत असे.

आरामाची विद्या खरी होती हे आधी सांगायला हवे, कारण जुन्या उपायांना सरसकट भोळेपणा म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास यांचा एकत्र विचार आहे. तिथे श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच प्रकार मांडले आहेत. त्यातला तमकश्वास म्हणजे आजचा दमा हे वर्णन वाचताच कळते: ढगाळ हवेत, पावसात, गारठ्यात वाढणारा, कफ सुटला की घटकाभर उतरणारा, निजू न देणारा आणि उठून बसल्यावर बरा वाटणारा. गावातल्या उपायांत अडुळशाचा रस होता, रिंगणी, भारंगी आणि पिंपळी होती, मोरपिसाची राख मधातून चाटवणे होते आणि धोत्र्याच्या पानांची धुरी होती. यातल्या धोत्र्याचा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे. मद्रासकडे दमेकरी धोत्रा ओढतात आणि त्यांना उतार पडतो हे पाहून जनरल जेंट यांनी 1802 च्या सुमारास ती वनस्पती ब्रिटनमध्ये नेली. पुढे शतकभर युरोप-अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या, त्या या कुळातल्या वनस्पतींच्या. त्यातल्या अ‍ॅट्रोपिनवरून विसाव्या शतकात इप्राट्रोपियम तयार झाले आणि ते आजही पंपातून दिले जाते. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन आले, तेही आपल्या खोकल्याच्या बाटलीत असते. तेव्हा गावच्या वैदूने दिलेला झुरका किंवा आजीने पाजलेला रस निव्वळ समजुतीचा खेळ नव्हता. धोत्र्याची मात्रा चुकली तर भ्रम आणि मृत्यू ओढवे, हेही तितकेच खरे.

कोजागिरीच्या रात्री दुधातून किंवा खिरीतून दिले जाणारे औषध, किंवा मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला बथिनी घराण्याकडून जिवंत माशाबरोबर गिळायला मिळणारे औषध, यांचा पुरावा इतका बळकट नाही. हैदराबादची ही प्रथा 1845 पासूनची सांगतात आणि तिच्यासाठी महाराष्ट्रातूनही माणसे जातात. इथे दम्याचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. तो उसळतो आणि आपसूक ओसरतो. माणूस उपायाला निघतो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेली गोष्ट पुढे बहुधा खालीच येते. त्यातच औषधाबरोबर पथ्य असते, सोबत असते, निदान त्या रात्री तरी आपल्यासारखेच शेकडो लोक आहेत हा धीर असतो. अशा माणसाला हसणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला दुसरीकडे कुठेही पाच मिनिटे कुणी ऐकून घेतलेले नाही, तो रात्रभर रांगेत उभा राहतो.

मात्र चरकाने उपायच तेवढे सांगितलेले नाहीत. श्वासाच्या कारणांत त्याने धूळ, धूर आणि वारा यांची नावे पहिल्या काही शब्दांतच घेतली आहेत. म्हणजे कारण ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. ते ग्रंथात होते आणि घराघरात पेटलेले होते. कृष्णाकाठच्या जुन्या घरात चूल माजघराला लागून, धाब्याच्या किंवा कौलाच्या छपराखाली असे. गोवऱ्या, तुराट्या, चिपाडे, पावसाळ्यात ओली लाकडे हे सरपण, आणि धूर जायला भिंतीतला झरोका. त्या धुरात बाई दिवसाचे कित्येक तास बसे, पाठीला किंवा मांडीवर तान्हे घेऊन. तरीही तिची धाप ‘बाळंतपणाची’, ‘वयाची’, ‘वाताची’ ठरत राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकाचे मतही फारसे वेगळे नव्हते: असा फुप्फुसाचा जुनाट आजार म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचा आजार. या समजुतीला जोराचा धक्का दिला तो दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी. फुप्फुस बिघडून त्यापायी हृदय थकलेले रुग्ण त्यांनी तपासले, तर त्यांत बायकांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार मोठे होते आणि त्यांतल्या बहुतेक विडी ओढणाऱ्या नव्हत्या. गोवऱ्या-लाकडांच्या चुलीकडे बोट दाखवणारा त्यांचा आणि पाठक यांचा लेख 1959 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे याच जुनाट आजारावर, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले ते 2009 मध्ये. मधली 50 वर्षे हा प्रश्न जवळजवळ पडून होता.

यावर पहिला आक्षेप असा की चूल तर सगळ्यांच्याच घरी होती, मग धाप सगळ्यांना का लागली नाही? हा प्रश्न वजनदार आहे, पण तो विडीलाही लागू पडतो. प्रत्येक विडी ओढणाऱ्याची छाती निकामी होत नाही, म्हणून विडी निर्दोष ठरत नाही. जन्मतः फुप्फुस किती वाढले, लहानपणी किती न्यूमोनिया झाले, पोटभर खायला मिळाले का, क्षय होऊन गेला का, यावर एकाच धुराचे परिणाम वेगवेगळे होतात. शिवाय ‘सगळ्यांना लागली नाही’ हे आपण कशावरून म्हणतो? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजी अंमलात गावचा पाटील मृत्यूची नोंद वर कळवू लागला, तेव्हा रकाने होते पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि उरलेले सगळे ‘इतर’. श्वसनाचे आजार असा रकाना पुढे आला, तरी तो भरणारा डॉक्टर नव्हता. वीस वर्षे धापा टाकून शेवटी पावसाळ्यात तापाने गेलेली बाई ‘ताप’ या खात्यात जमा झाली. त्या आकड्यांत धाप दिसत नाही, यावरून ती नव्हती असे ठरत नाही.

ज्या छातीच्या रोगाला कारण सापडले, त्याचे काय झाले हे शेजारीच पाहता येते. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. सातारा जिल्ह्यातच पाचगणीला 1912 मध्ये डॉ. बिलिमोरिया यांचे बेल-एअर आरोग्यधाम उभे राहिले. विल्यम वॉन्लेस यांच्या मिरजेच्या मिशन दवाखान्याचा व्याप वाढून वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय झाले. मसूरच्या स्टेशनावर बसले की मिरज गाठता येई, म्हणून उंब्रज-मसूरकडच्या रुग्णाला हा रस्ता मोकळा होता. पण थुंकीत जंतू नसेल तर तिथून परत यायचे ते ‘क्षय नाही’ एवढा निरोप घेऊन. हा निरोप मोठ्या सुटकेचा होता यात शंका नाही; एवढेच की धाप जशीच्या तशी बरोबर परत येई. आणि क्षय बरा झालेल्या कित्येकांना उरलेल्या, व्रण पडलेल्या फुप्फुसाने आयुष्यभर दमवले, त्यांचीही गणना ‘बरे झालेले’ अशीच होई.

पुरुषांच्या धापेची वाट वेगळी, ती मुंबईला जाई. कराड-पाटणकडच्या घराघरातला एक तरी माणूस गिरणीत किंवा गोदीत, गोदामात असे. गिरणीत कापूस पिंजणाऱ्या आणि विंचरणाऱ्या खात्यांत तूस उडत असे, आणि तिथे काम करणाऱ्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छातीवर दडपण येई, आठवडा सरता सरता ते कमी होई. वर्षानुवर्षांनी ते कमी होईनासे होई. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्याचे नाव बिसिनोसिस. मुंबईची पहिली गिरणी 1854 ची. म्हणजे या पायऱ्या ठरल्या त्या इथल्या कामगारांनी ते तूस शंभर वर्षे ओढून झाल्यावर. आपल्याकडे कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून हे नाव आले खरे, पण धाप लागलेला कामगार तोवर गावी परतलेला असे. 1982 च्या गिरणी संपानंतर तर हजारो परतले. गिरणीचा डॉक्टर मागे राहिला, गावच्या डॉक्टरला खाते कोणते होते हे विचारायचे सुचले नाही, आणि मुंबईची हवा मानवली नाही यावर घरच्यांनी समाधान मानले. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना 1969 चा कायदा मिळवून दिला, त्यामुळे पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीची आणि भविष्याची तरतूद झाली. मिरची, सिमेंट, धान्य यांच्या धुळीने भरलेल्या त्याच्या छातीची मोजणी मात्र कुणाच्या वहीत नियमाने झाली नाही.

जगात ही मोजणी झाली ती कुणाची, हे पाहिले की माझा मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना धाप लागते, छाती धडधडते आणि तपासणीत काही सापडत नाही, म्हणून जेकब दा कोस्टा यांनी 1871 मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. पहिल्या महायुद्धात थॉमस ल्युईस यांनी त्याच तक्रारीचा पुन्हा अभ्यास केला. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या अभ्यासातून चार्ल्स फ्लेचर यांनी धापेची प्रतवारी करणारे प्रश्न बसवले; सपाटीवर समवयस्कांबरोबर चालता येते का, कपडे घालतानाही दम लागतो का, असे ते प्रश्न आजही दवाखान्यात वापरतात. सैन्याला सैनिक हवा होता, देशाला कोळसा हवा होता आणि खाणकामगारांची संघटना भक्कम होती. कारण सापडत नसतानाही त्यांची चौकशी थांबली नाही. चुलीपुढच्या बाईची भाकरी रोज थापली जात होती, त्यामुळे तिच्या धापेने कुणाचे काही अडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. काही धाप खरोखरच धुराची किंवा धुळीची नसते, तपासण्या निर्दोष येतात आणि मूळ मनाच्या ताणात किंवा श्वास घेण्याच्या बिघडलेल्या सवयीत असते. तिला ओढूनताणून चुलीला चिकटवणे चूक ठरेल. मला हे मान्य आहे. सांधेज्वराने बिघडलेल्या हृदयाच्या झडपा, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये आढळणारे रक्ताचे कमी प्रमाण, हीही धापेची मोठी कारणे आहेत. पण ‘मनाचे आहे’ हा निष्कर्ष शेवटी यायला हवा, आपल्याकडे तो बाईच्या बाबतीत सुरुवातीलाच येतो. त्यात या मुलखाच्या शरीरसंस्कृतीने भर घातली असे मला वाटते. जिल्ह्यातल्याच औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला, तालमींनी दम कमावणे ही पुरुषार्थाची खूण केली. यातून पिढ्यांची शरीरे घडली, हे ऋण मोठे आहे. पण दम कमावता येतो म्हटले की तो गमावणारा आळशी किंवा दुबळा ठरतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले तेव्हा त्यांची वाट निराळी होती: प्राणायामाने नेमके काय होते हे त्यांनी यंत्रे लावून मोजायला घेतले, आणि संस्थेने पुढे दमेकऱ्यांवरच्या यौगिक उपचारांचे निष्कर्ष स्वतःच्या ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापले. श्वासाचा सराव धापेतली भीती कमी करतो, थकल्या स्नायूंना वळण लावतो, आणि ज्याचे कारण सापडत नाही त्यालाही त्याने दिवस सुसह्य होतो. या उपायाची किंमत मी कमी लेखत नाही. पण धुरकट स्वयंपाकघरात बसून केलेला प्राणायाम तो धूरच खोलवर नेतो.

गेल्या काही दशकांत आराम स्वस्त आणि झटपट झाला. गावच्या दवाखान्यात ‘डेरी-डेका’ची, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारे औषध आणि स्टिरॉइड यांची एकत्र सुई घेऊन माणूस तासाभरात चालत घरी जाऊ लागला, 1956 मध्ये अमेरिकेत निघालेला दाबाचा पंप भारतीय कंपन्यांनी इथे परवडेल असा केला. पंपाची सवय लागते या भीतीने तो टाळून पुड्या घेणारे अजून आहेत, आणि अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते हे भारतीय डॉक्टरांनी तपासून छापले आहे. कारणाकडे वळणारे प्रयत्नही झाले. 1983 पासून 2002 पर्यंत केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा कार्यक्रम चालवला. त्यासाठी महाराष्ट्रात चुली घडवणाऱ्यांना शिकवण्याचे काम डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने केले, जिचे एक केंद्र फलटणला आहे. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी तिला 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. 2016 च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर दारात आणला. तो संपल्यावर पुन्हा भरणे परवडत नाही तेव्हा आंघोळीचे पाणी आणि भाकऱ्या चुलीवरच जातात. आणि हंगामात उंब्रजपासून कराडपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यात फडातले पाचट पेटते, गुऱ्हाळाच्या चुलवाणात काहिलीखाली चिपाडे सारली जातात. तो धूर घरातल्या गॅसने अडत नाही. म्हणून आज या भागात धाप घेऊन आलेल्या माणसाला पंप देण्याबरोबरच फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजली पाहिजे, हिमोग्लोबिन पाहिले पाहिजे, हृदयाचे ठोके ऐकले पाहिजेत, आणि केसपेपरवर तीन गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत: घरात सरपण कोणते, आजवर कामे कोणकोणती केली, आणि धाप वर्षाच्या कोणत्या महिन्यात वाढते.