दिनविशेष : 24 ऑक्टोबर 2019
वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या सान्निध्यात वाढलेल्या, 1985 मध्ये नगरपरिषदेचा व 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिकेचा दर्जा पावलेल्या मीरा-भाईंदर नगरीत विधानसभेची मतमोजणी आजच्या दिवशी झाली, आणि भारतीय जनता पक्षाची उमेदवारी न मिळाल्याने अपक्ष उभ्या राहिलेल्या गीता जैन यांनी त्याच पक्षाचे विद्यमान आमदार नरेंद्र मेहता यांचा 15,000 हून अधिक मतांनी पराभव केला.

दोघेही याच महानगरपालिकेचे माजी महापौर. आपल्याकडे महापौराची निवड मतदार थेट करीत नाहीत. नगरसेवकच सभागृहात ती करतात, मुदत अडीच वर्षांची असते, आणि कारभाराची अंमलबजावणी आयुक्तांच्या हाती राहते. 2015 मध्ये ते पद स्वीकारून 2017 पर्यंत भूषविणाऱ्या या नगरसेविकेला त्यातून हुकमतीपेक्षा घरोघरीची ओळखच अधिक लाभली असावी, असे मला वाटते. कारण सभागृहातील बहुमत पक्षाचे असते, परंतु पाण्याची, गटाराची, रस्त्याची तक्रार घेऊन नागरिक येतो तो माणसाकडे, आणि पक्षाचे चिन्ह नसताना अशी ओळखच उमेदवाराच्या कामी येते. एखाद्या शहराने आपल्या नगरसेविकेवर असा विश्वास टाकावा, ही लोकशाहीतील हृद्य घटना होय.

2020 मध्ये जैन शिवसेनेत गेल्या. 2024 मध्ये त्या पुन्हा अपक्ष लढल्या. त्या वेळी मात्र विजय मेहतांचा झाला.