नवरीच्या पट्ट्यातली पिशवी

परवा भाच्याने टोकियोहून फोटो पाठवले. त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न होतं, शिंतो पद्धतीचं. नवरी नखशिखांत पांढऱ्या किमोनोत, आणि छातीशी, रुंद कंबरपट्ट्यात खोचलेली एक लांबट, गोंडेवाली पिशवी. मला वाटलं अत्तरदाणी वगैरे असेल. भाचा म्हणाला, "मावशी, त्यात खंजीर असतो. म्हणजे हल्ली बहुतेकदा नुसता दिखाऊ."

लग्नात खंजीर? झालं, दोन रात्री वाचनात गेल्या. घरच्यांना माझी ही खोड माहीत आहेच!

सामुराई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लांब तलवार येते. पण कुणाच्या घरी गेलं की ती कमरेची काढून ठेवायची रीत होती. अंगावर राहायचं ते आखूड पातं. त्यातलं सगळ्यात लहान म्हणजे तांतो, एक शाकूच्या आतलं, साधारण 30 सेंटीमीटर. रणात दोघं एकमेकांना भिडले, तलवार फिरवायला जागा उरली नाही, की चिलखताच्या फटीतून घुसवायला हेच कामी येई. आणि हरल्यावर स्वतःचं पोट चिरायलाही.

तेराव्या शतकात क्योतोच्या आवाताग्ची भागात योशिमित्सु नावाचा कारागीर होऊन गेला, तांतोसाठी फार नावाजलेला. त्याच्या एका पात्याची गोष्ट सांगतात. 1493 साली हाताकेयामा मासानागा हा सरदार वेढ्यात सापडला. पोटात खुपसायला त्याने खंजीर काढला, तर तो शिरेचना! चिडून त्याने भिरकावला, तो औषधं कुटायच्या लोखंडी खलात आरपार घुसला. मासानागा मेलाच, दुसऱ्या पात्याने. पण योशिमित्सुचा खंजीर धन्याचा जीव घेत नाही, अशी कीर्ती झाली. कथा खरी-खोटी देव जाणे. पण धन्याला न मारणं ही ज्या हत्याराची नवलाई ठरते, त्याच्याकडून एरवी काय अपेक्षा असेल?

सामुराई घरातल्या बायकांकडे असे तो काइकेन, किमोनोच्या आत छातीशी ठेवायचा. स्वसंरक्षणासाठी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण या संरक्षणाचा शेवटचा धडा वेगळाच होता: शत्रूच्या हाती लागायची वेळ आली तर मानेची नस कापायची. त्याआधी गुडघे बांधून घ्यायचे, म्हणजे मेल्यावरही देह अस्ताव्यस्त दिसू नये. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकला.

1868 च्या ऑक्टोबरात सम्राटाचं सैन्य आइझूच्या गढीच्या गावात शिरलं. साइगो तानोमो हा तिथला मोठा कारभारी गढीत होता. मागे घरात त्याची आई, बायको, बहिणी, मुली आणि नातलग, 21 जणांनी मरण पत्करलं. खरं तर चिमुरड्या मुलींनी कसलं पत्करलंय! त्यांना आईनेच मारलं. सोळा वर्षांची थोरली मुलगी अर्धवट जिवंत राहिली. सैनिक आत आला तेव्हा तिने विचारलं, आपल्यातला की शत्रू? तो शत्रूच होता, पण 'आपल्यातला' म्हणाला. तिने आपला खंजीर त्याच्यापुढे केला आणि त्याने तिला सोडवलं, असं सांगतात. त्या खोटं बोलणाऱ्या सैनिकाचं मला फार वाटत राहिलं.

पुढे 1876 च्या हुकुमाने पुरुषांच्या कमरेची तलवार सुटली. जुनी पाती आता कलावस्तू म्हणून नोंदवून जपतात, वस्तुसंग्रहालयांत काचेमागे मांडतात. नवरीच्या पट्ट्यातली पिशवी मात्र राहिली.

भाच्याला म्हटलं, त्या मुलीला विचार ना, हे सगळं तिला ठाऊक आहे का. दोन दिवसांनी उत्तर आलं. ती म्हणाली, "आजी सांगायची थोडं. पण ही पिशवी किमोनोबरोबर भाड्याने आली होती, दुसऱ्या दिवशी परत केली. उघडून बघितलीच नाही."